शुभा, घागरा मी शिवला होता

काल रसिका तुझ्या फोटोसमोर बसून रडत होती. मी तिच्या पाठीवरून हात फिरवायला गेले, तर तिने खांदा बाजूला घेतला. म्हणाली, "आई, थोडा वेळ राहू दे ना मला." मी स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकून उभी राहिले आणि शुभा, मला तुझा राग आला. तुझं तेरावं होऊन आठवडाही झाला नाही, आणि मी तुझ्यावर रागावतेय. पण तुझ्यापुढे गोड बोलायची सवय मला कधीच नव्हती, थोरली जाऊ असून नव्हती. तेव्हा सांगूनच टाकते. तू होतीस तेव्हा मी तुझ्यावर जळत होते, आणि तू गेलीस तरी ते काही थांबलेलं नाही.

भेटायला येणारा प्रत्येक जण तुझ्या हाताबद्दल बोलतो. रेहाना भाभी आल्या, त्यांच्या मुलीच्या निकाहचा वेल्वेटचा कुर्ता तू शिवला होतास. दारातच रडायला लागल्या. "ऐसा हाथ अब किसका मिलेगा, दीदी?" मला विचारतात. समोरच्या मंजूबेन आल्या, त्यांनी हेच गुजराती वळणाच्या हिंदीत सांगितलं. मी सगळ्यांना पाणी देत होते, चहा ठेवत होते, मान हलवत होते. याच शांती नगरात मी तुझ्या आधीपासून शिवतेय हे कुणाच्या लक्षातसुद्धा नव्हतं.

तुला मशीनवर मी बसवलं, हे तरी तुझ्या लक्षात होतं का? परळची खोली विकून घरचे सगळे इथे आले, आम्ही दुसऱ्या मजल्यावर, दिलीपभाऊजी चौथ्या. तू लग्न होऊन आलीस ती त्याच घरात. दुपारी तुला करमायचं नाही म्हणून खाली यायचीस आणि माझ्या मशीनशेजारी स्टुलावर बसून राहायचीस. मीच म्हटलं, बघत काय बसलीस, शिक. मशीनला दोरा न घालता तुला वहीच्या कागदावर रेघेवरून सुई चालवायला दिली. तुझी रेघ सापासारखी जायची. पेडल उलटं पडायचं आणि तू हसत सुटायचीस. मी मनात म्हणायचे, हिला काही जमायचं नाही. ते म्हणताना मला वाईट वाटत नव्हतं.

परकर, ब्लाउज, गाऊन, उशांचे अभ्रे, साडीला फॉल, एवढंच माझं काम. सुती कापड माझं ऐकतं. तुझ्या हाताला मखमल कशी लागली ते मात्र माझ्या डोळ्यांदेखत घडलं, म्हणूनच ते मला जास्त लागलं.

रसिका नववीत होती. शाळेच्या गॅदरिंगमध्ये तिला राजाचं काम मिळालं होतं आणि बाईंनी सांगितलं होतं, झगा शनीलच्या मखमलीचाच हवा, लाल. मी भाईंदर पूर्वेला स्टेशनजवळच्या दुकानातून कापड आणलं. कापड वाचावं म्हणून झग्याचा एक पाखा, म्हणजे एक उभा भाग, सुलटा आणि एक उलटा बेतला, जसा आपण पॉपलीनमध्ये बेततो. शिवायला घेतला तर वरचा पदर खालच्या पदरावरून घसरत पुढे जायला लागला. लव लवेवर ठरतच नव्हती. टाचण्या लावल्या तर त्यांचे वळ उठले. शिवण ओढून सरळ केली तर चुण्या पडल्या. शेवटी वैतागून इस्त्री फिरवली, तर छातीवरच इस्त्रीच्या आकाराचा चकचकीत डाग बसला. आणि झगा उभा धरला तर एक बाजू लाल, दुसरी जांभळट. रसिका म्हणाली, "आई, हा दोन राजांचा झगा वाटतोय."

तू दारात उभी होतीस. आत आलीस, कापडावरून तळहात वरून खाली फिरवलास, मग खालून वर. पुन्हा वरून खाली. म्हणालीस, "ताई, हे मांजरासारखं आहे. एका बाजूने हात फिरवून घेतं, दुसऱ्या बाजूने नाही."

"मग?" मी विचारलं.

"मग सगळे तुकडे एकाच बाजूला तोंड करून हवेत ना?"

तू झगा वर घेऊन गेलीस. तुला तेव्हा काही येत होतं अशातला भाग नाही. तू सगळं उसवलंस, उलटा पाखा बाजूला ठेवून त्याची कॉलर केलीस, उरलेल्या कापडात जोड देऊन नवा पाखा काढलास. मशीनवर घालायच्या आधी प्रत्येक शिवण हाताने कच्च्या टाक्याने धरलीस, एकदा नाही, दोन रांगांनी. कापड दाबून धरणाऱ्या मशीनच्या पायाचा दाब सैल केलास, टाका मोठा ठेवलास आणि लवेच्या दिशेनेच शिवत गेलीस. डागावर भांड्यातल्या उकळत्या पाण्याची वाफ दिलीस, मग कपड्याच्या मऊ ब्रशने लव उभी करत बसलीस. डाग पूर्ण गेला नाही. त्यावर जरीचा पट्टा लावलास. गॅदरिंगमध्ये रसिका स्टेजवर आली तेव्हा शेजारच्या बाईने मला विचारलं, "झगा कुणी शिवला हो?" मी म्हटलं, "तिच्या काकूने." दुसरं काय म्हणणार होते?

त्यानंतर तू मखमलीच्या मागेच लागलीस. कटपीसच्या ढिगातून तुकडे आणायचीस, वेल्वेट, कॉर्डरॉय, खेळण्यांना लावतात ते फरचं कापड, आणि शिवून शिवून बिघडवायचीस. तुझ्या घरात सगळीकडे ती बारीक लव उडत असायची. चहात पडायची, दिलीपभाऊजींच्या ऑफिसच्या पँटला चिकटायची, मशीनचं शटल गच्च भरायचं. भाऊजी कधी कुरकुरले नाहीत. याचाही मला हेवा वाटायचा. आमच्याकडे सोफ्यावर एक धागा दिसला तरी ह्यांचा आवाज चढतो.

तेव्हा मालिकांमधल्या बायका घरातसुद्धा मखमलीचे ब्लाउज घालून फिरायला लागल्या होत्या. बघता बघता शांती नगरातल्या आपल्या अख्ख्या सेक्टरला वेल्वेट हवं झालं. लग्नसराईत तुझ्या जिन्यात चपलांची रांग लागायची. मी परकर घेऊन बसलेली असायचे आणि बायका माझ्या दारावरून वर जायच्या. कुणी कुणी माझ्याकडेच पत्ता विचारायच्या. "वो वेल्वेटवाली भाभी कौन से माले पे?"

एक भांडण आपलं शेवटपर्यंत मिटलं नाही. मखमलीची लव खाली जाणारी ठेवायची की वर जाणारी? मी म्हणायचे खाली. माणसाचा हात अंगावरून खालीच जातो, बसताना उठताना कापड घासलं तरी लव मोडत नाही, कपडा टिकतो. तू म्हणायचीस वर. "वर ठेवली की रंग आत बघतो, ताई. खाली ठेवली की नुसता चमकतो." तुझ्या घरी एकदा दोन तुकडे खिडकीला टाचून ठेवले होतेस मला दाखवायला. बघितलं मी. तुझा तुकडा खरंच गडद दिसत होता. तरी मी म्हटलं, दिसण्यावर काय आहे. तू हसलीस. मी अजून माझ्याच बाजूची आहे, शुभा. रेहाना भाभींच्या मुलीचा कुर्ता बसायच्या जागी चपटा झालाय, मी पाहिलाय.

तुम्हाला मूल झालं नाही म्हणून तू रसिकाला जीव लावलास, असं लोक म्हणतात. परवा एकीने ते माझ्यासमोरच म्हटलं. मला ते पटत नाही. तुझ्याकडे रिकामी जागा होती आणि ती तिथे जाऊन बसली, इतकं ते सोपं नव्हतं. ती तुझ्याकडे जायची कारण तू तिला काही शिकवायची नाहीस, उपदेश करायची नाहीस. ती बडबडायची आणि तू टाके घालायचीस. कॉलेजातल्या मुलाबद्दल तिने आधी तुला सांगितलं. मला ते तुझ्या नंतर कळलं, आणि तेही तू तिला "आईला आजच सांग" म्हणून खाली पाठवलंस म्हणून. तो मुलगा आज माझा जावई आहे, चांगला आहे. पण पहिलं तुला सांगितलं ते सांगितलंच.

आणि मग त्या लग्नाचा घागरा.

रिसेप्शनला घालायला मी तिच्यासाठी वाइन रंगाचं वेल्वेट आणून ठेवलं होतं. तिला न सांगता. पोटच्या मुलीचा घागरा मीच शिवणार, चुकत माकत का होईना. एका संध्याकाळी ते तिच्यापुढे ठेवलं, तर तिचा चेहरा पडला. "आई, मी काकूला सांगितलंय. बॉटल ग्रीन. तिने बेतलासुद्धा." मी माझं कापड घडी करून कपाटात ठेवलं. जेवताना ह्यांनी विचारलं, आज मीठ विसरलीस का. मी म्हटलं, हो.

लग्न जवळ आलं असताना तू खाली आलीस. हातात हिरवे पाखे, सगळे बेतलेले, कच्चे टाके घातलेले. माझ्या मशीनवर ठेवलेस.

"ताई, माझ्या पायांना मुंग्या येतायत. पेडल मारवत नाही. तुम्ही शिवाल का?"

मी तुझ्या पायांकडे बघितलं. चौथ्या मजल्यावरून तेच पाय उतरून आले होते. "कपाटातलं कापड रसिकाने दाखवलं तुला," मी म्हटलं.

"कुठलं कापड?"

"शुभा, मला दया नको."

"दया कसली? शुगर निघालीय माझी. डॉक्टरांनी सांगितलंय." मग तू स्टूल ओढून बसलीस, पूर्वी बसायचीस तिथेच. "शिवणार आहात की नाही, तेवढं सांगा. नाहीतर मी रडतखडत शिवते."

मी शिवला. दोन दुपारी लागल्या. मी पेडलवर, तू माझ्या पाठीशी उभी. तुझा एक हात कापडाला पुढून धरून, एक मागून, म्हणजे कुठलाच पदर पळू नये. "हळू," म्हणायचीस. "आता थांबा. सुई खाली ठेवून मशीनचा पाय उचला. हां. आता जाऊ द्या." माझ्या कानाशी तुझा श्वास. मला जमत होतं, शुभा. कापड माझ्या हाताखालून पाण्यासारखं जात होतं, एक चुणी नाही. मधे रसिका चहा घेऊन आली, आपल्या दोघींकडे बघत कप ठेवून गेली. खरं सांगू? माझ्या आयुष्यात मशीनवर मी एवढी सुखात कधी बसले नव्हते. आणि त्यातही मनाच्या एका कोपऱ्यात चालूच होतं की हिच्या पायांना खरंच मुंग्या येतात की मला हे सुख द्यायला आली आहे. खरं असेल तर मी तुझ्याशी फार वाईट बोलले होते. आणि नुसतं निमित्त असेल तर तुझं मन माझ्यापेक्षा मोठं निघत होतं. दोन्हीतलं काहीच मला नको होतं. म्हणून मी कधी विचारलं नाही.

हॉलमध्ये रसिका स्टेजवर उभी राहिली आणि बायकांचा घोळका तुझ्याभोवती जमला. मी जवळच होते. कुणीतरी म्हणालं, "शुभा, काय शिवलायस गं घागरा."

तू म्हणालीस, "मी नाही. ताईंनी शिवलाय. मी फक्त बेतला."

मग ती बाई म्हणाली, "बघा, याला म्हणतात मोठं मन. स्वतःचं श्रेय जावेला देते." आणि सगळ्या तुझ्याकडे आणखी कौतुकाने बघायला लागल्या. तू पुन्हा सांगितलंस, "अहो खरंच." त्यावर त्या आणखीच गहिवरल्या. मी तिथून उठून आइस्क्रीमच्या काउंटरकडे गेले. खरं बोलूनसुद्धा तूच जिंकलीस. तू गप्प बसली असतीस तर मला निदान तुझ्यावर मनातल्या मनात राग तरी धरता आला असता.

त्यावरून आपण नंतर कधी बोललो नाही. ते बोलायचं राहिलं. मी तुला म्हणणार होते की मला तुझी साक्ष नको होती, त्या बायकांनी माझं ऐकायला हवं होतं. तू काय म्हणाली असतीस? "मग तुम्ही का नाही बोललात, ताई?" असंच काहीतरी.

तू चांगली होतीस, हे लिहायला मला जड जातं, पण लिहिते. माझं गर्भाशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा तू माझे केस धुतलेस, ह्यांचे डबे केलेस, टँकर आला की आमच्याही बादल्या भरून ठेवल्यास. माझ्या गिऱ्हाइकांच्या साड्यांना फॉल लावलेस. त्यातल्या एकीने तुला म्हटलं, आता यापुढे तुमच्याकडेच देते. तू म्हणालीस, ताई बऱ्या झाल्या की त्यांच्याकडेच द्या, माझा फॉल घोळतो. तुझा फॉल घोळत नव्हता. मी पलंगावरून सगळं ऐकत होते, आणि कृतज्ञ होण्याऐवजी मी ते टाके उलटसुलट करून बघत होते, कुठे चूक सापडते का.

तुझ्या शेवटच्या सकाळीसुद्धा आपण मखमलीवरच बोललो. जिन्यात भेटलीस, भाजीची पिशवी हातात. "ताई, संध्याकाळी येते, एक बाही दाखवायची आहे." दुपारी भाऊजींचा फोन आला. हॉस्पिटलात पोचेपर्यंत तू राहिली नाहीस. डॉक्टर म्हणाले, हार्ट. शुगरवाल्यांना कधी कधी दुखतसुद्धा नाही. मी पायांचं विचारलं. मुंग्या शुगरमुळे येतात का? ते म्हणाले, येऊ शकतात. येऊ शकतात म्हणजे तुला येत होत्या का, ते त्यांनाही सांगता येणार नव्हतं.

आज दुपारी दिलीपभाऊजी आले. एक मोठी पिशवी माझ्यासमोर ठेवून खुर्चीवर बसले. दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला.

"वहिनी, जरा बघता का? साड्या रसिकाने वेगळ्या काढल्या. हे द्यायचे की टाकायचे, मला कळत नाहीये."

पिशवीत गाऊन होते. सगळे माझे शिवलेले. दर दिवाळीला एक तुला द्यायचे ते. निळ्या फुलांचा, पिवळ्या चौकटीचा, तो बदामी ज्याचा गळा मला थोडा तिरका गेला होता. सगळे धुऊन धुऊन इतके विरले होते की आतून हात दिसत होता. काखेत ठिगळं, तीही तुझ्याच हाताची, बारीक टाक्यांची.

"किती वेळा म्हटलं नवीन घे," भाऊजी म्हणाले. "ऐकायचीच नाही."

"मखमलीचं काही नाही निघालं?"

"तिने स्वतःला कुठे शिवलं? सगळं लोकांचं." मग म्हणाले, "तुमच्यावर जळायची ती, वहिनी. तुम्हाला माहीत नसेल."

मी एका गाऊनची घडी घालत होते, ती तशीच हातात राहिली. "माझ्यावर? कशाबद्दल?"

"म्हणायची, मी शिवते ते लोक एकदा घालतात, डांबराच्या गोळ्या टाकून कपाटात ठेवतात. ताईंनी शिवलेलं माणसं रोज अंगावर घालतात, फाटेपर्यंत. म्हणायची, मला तसं एक तरी शिवता यायला हवं होतं."

"काय म्हणायची?" मी विचारलं.

भाऊजींनी सगळं पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून. त्यांना वाटलं, मला नीट ऐकू आलं नाही.

ऐकू आलं होतं, शुभा. मला ते परत एकदा ऐकायचं होतं.